जावयाच्या नावाचं टेबल

जहाजावर रात्रीच्या जेवणाला हाफ पँट घालून येऊ नये, चप्पल घालून येऊ नये आणि शेवटच्या रात्री जरा ठेवणीतले कपडे घालावेत, असा निरोप कंपनीच्या माणसानं मोबाईलवर पाठवला होता. नवऱ्यानं तो दुकानात गिऱ्हाइकांसमोर मोठ्यानं वाचून दाखवला. हरभऱ्याचं बियाणं घ्यायला आलेला एक जण म्हणाला, "जेवायला चालले का लग्नाला?" त्याचं फारसं चुकलं नव्हतं. तीन संध्याकाळी आम्ही त्या जहाजावर जेवायला बसलो आणि तिन्ही वेळा मला कुणाच्या तरी लग्नात आल्यासारखं वाटलं. नवरा-नवरी कोण तेवढं कळत नव्हतं.

परतूरला आमचं बी-बियाणं आणि खतांचं दुकान आहे. खाली दुकान, वर घर. त्या वर्षी सरकीच्या एका वाणाचा खप आमच्याकडं चांगला झाला आणि कंपनीनं दुकानदारांसाठी काढलेल्या सहलीत आमचा नंबर लागला. मुंबईहून जहाजात बसायचं, गोव्याकडं जायचं, समुद्रात फिरायचं आणि परत मुंबई. एका खोलीत तिघांची सोय होती. सासूबाईंनी पाणी बघून चक्कर येते म्हणून आधीच हात वर केले. मग नवराच म्हणाला, आबांना घेऊ. आबा म्हणजे माझे वडील. ते टेंभुर्णीला राहतात, शेती करतात. समुद्र त्यांनी पाहिलेला नव्हता.

ऐकून मला आनंद झाला आणि लगेच काळजीही वाटली. आमच्या माहेरी एक रीत आहे. लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या सासरचं अन्न खात नाही. बहुतेक घरांत ही रीत वर्ष-दोन वर्षं चालते. पाळणा हलतो, बारशाला बाप पोटभर जेवतो आणि विषय संपतो. माझ्या लग्नाला दहा-अकरा वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. त्यामुळं आबा परतूरला आले की दुकानातल्या बाकावर बसायचे. समोरच्या हॉटेलातला चहा घ्यायचे, टेंभुर्णीहून फडक्यात बांधून आणलेली धपाटी तिथंच खायचे, जावयाशी पावसापाण्याचं बोलायचे आणि दुपारच्या एसटीनं परत जायचे. वरच्या मजल्याचा जिना त्यांनी कधी चढला नाही. गुडघे दुखतात म्हणायचे. तेच गुडघे घेऊन टेंभुर्णीला ते विहिरीत उतरायचे.

आई तशीच गेली. माझ्या घरी, माझ्या हातचा एक घास तिनं खाल्ला नाही. एकदा माझ्या तापात ती चार दिवस राहिली, तेव्हा शेजारणीच्या घरून तिचं ताट येत होतं. शेजारणीनं ते प्रेमानं दिलं, पण पुढं वर्षभर गल्लीत सांगितलं. आबा आता सत्तरीच्या पुढं गेलेत. तेही असेच जातील याची मला भीती वाटायची, आणि भीतीपेक्षा रागच जास्त यायचा. आमच्या धंद्यात बियाणं उगवलं नाही तर शेतकरी तक्रार करतो, साहेब येतात, शिवारात उभं राहून पंचनामा होतो. बियाणं खराब होतं की पाऊस कमी पडला, ते एकदाचं ठरतं. घरात पंचनामा रोज होतो आणि चूक बाईचीच निघते. आबा बाकावर बसून धपाटं खायचे तेव्हा मला तो पंचनामाच वाटायचा.

त्यात एक गोष्ट आबांना माहीत नव्हती. संभाजीनगरच्या दवाखान्यातले उपचार आम्ही मागच्या दिवाळीत थांबवले होते. डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं. नवरा म्हणाला, बास आता, तुझ्या अंगावर आणखी सुया नकोत. आम्ही दोघांनी ते पोटात ठेवलं आणि दुकान उघडलं.

आबा सहलीला येतील असं मला वाटलं नव्हतं. पण ते हो म्हणाले. वर म्हणाले, "जहाज म्हंजी काय लेकीचं घर थोडंच हाय." हे वाक्य मी धरून ठेवलं. घर नाही म्हणजे रीत नाही. रीत नाही म्हणजे आबा माझ्याशेजारी बसून जेवतील. समुद्र, गोवा, नाचगाणी यांच्याशी मला फारसं देणंघेणं नव्हतं. मला आबांना जेवताना बघायचं होतं, आणि त्यासाठी माझ्याकडं तीन संध्याकाळी होत्या.

आबांनी मात्र सावधगिरी म्हणून दशम्या, धपाटी आणि शेंगदाण्याची चटणी असं गाठोडं बरोबर घेतलं होतं. बंदरावर पिशव्या तपासणाऱ्या बाईनं ते बाहेर काढायला लावलं. घरचं शिजवलेलं आत चालत नाही म्हणाली. आबांनी तिच्याशी वाद घातला नाही. तिलाच म्हणाले, "मंग तुमी खा. टाकू नका, आजच केलेल्या हायती." ती हसली, पण गाठोडं बाजूच्या डब्यातच गेलं. आबा जहाजात चढेपर्यंत मागं वळून त्या डब्याकडं बघत होते. मी मनातल्या मनात त्या बाईचे आभार मानले.

जहाजावरच्या जेवणाचं असं असतं. दिवसभर वरच्या मजल्यावर जेवण मांडून ठेवलेलं असतं. ताटली घ्या, वाढून घ्या, खिडकीशी बसा. रात्रीचं जेवण मात्र खालच्या मोठ्या दालनात, आणि तिथं आपली जागा ठरलेली. खोलीच्या चावीबरोबर एक चिठ्ठी मिळते, तिच्यावर टेबलाचा आकडा. रोज त्याच वेळी, त्याच टेबलावर, त्याच माणसांबरोबर. दारात एक जण नाव विचारतो आणि हातानं वाट दाखवत जागेपर्यंत नेतो. आमच्याकडं व्याह्याला नेतात तसं.

आमच्या टेबलावर मंठ्याचे एक दुकानदार आणि त्यांच्या पत्नी होत्या. नवरा त्यांना भाईजान म्हणायचा, मी बाईंना भाभी. घरात उर्दू, दुकानात मराठी, आणि चेष्टा दोन्हींत. मांसाचं काय आहे, कसं कापलेलं आहे याची खात्री नाही म्हणून दोघांनी तिन्ही दिवस शाकाहार धरला. भाईजान म्हणाले, "जहाजपे आके हम भी वारकरी हो गए." आबांना ते आवडलं. दोघांचं वय जवळपास सारखं होतं. भाईजान त्यांना पाटील म्हणायला लागले आणि कापसाच्या भावाचा विषय निघाला. आता सगळं बरोबर चाललंय असं मला वाटलं.

वाढणारा मंगळूरकडचा होता. पन्नाशीचा, कपाळ मोठं, काळं जाकीट घातलेला. त्यानं प्रत्येकाच्या मांडीवर पांढरा रुमाल पसरला. आबांच्या मांडीवर पसरायला आला तेव्हा आबा संकोचून अर्धे उठले. ताटाच्या दोन्ही बाजूंना काटे-चमचे मांडलेले होते, गॅरेजमध्ये पाने मांडतात तसे लहानापासून मोठ्यापर्यंत. नवऱ्यानं आधी पाव खाल्ले, मग सूप प्यायलं, मग छोट्या बशीत आलेलं काहीतरी खाल्लं आणि जेवण झालं असं समजून पाणी प्यायलं. खरं जेवण त्याच्या पुढं होतं. आमच्या पंगतीत मीठ-लिंबापासून गोडापर्यंत सगळं एकदाच पानावर येतं, माणसाला पुढचा अंदाज असतो. इथं एक वस्तू येते, ती संपली की बशी उचलली जाते, मग दुसरी येते. पुढं काय आहे हे फक्त वाढणाऱ्याला माहीत.

आणखी एक गोष्ट म्हणजे इथं एकदाच विचारतात. भाभींना त्यानं आइस्क्रीम विचारलं. त्या रीतीप्रमाणे नको म्हणाल्या. तो मान लववून निघून गेला. आमच्याकडं पहिलं नको हे नको नसतंच. दुसरं नको म्हणजे थोडं चालेल, आणि तिसऱ्या नकोला वाढपी ताटात वाढूनच मोकळा होतो. भाभी बिचाऱ्या नवऱ्याच्या वाटीकडं बघत बसल्या.

पण हे सगळं नंतरचं. सुरुवातीलाच, सूप यायच्या आधी, आबांनी वाढणाऱ्याला हिंदीत विचारलं, "ये टेबल किसका है?" त्यानं कौतुकानं माझ्या नवऱ्याकडं हात केला. "साहब के नाम पे है. तीनों दिन यही टेबल, यही कुर्सी, और परोसूँगा भी मैं ही." त्याला वाटलं म्हाताऱ्याला बरं वाटेल. आबांनी मांडीवरचा रुमाल उचलला, घडी केली आणि ताटाशेजारी ठेवला. "मंग मला भूक न्हाई," म्हणाले.

मी पायानं नवऱ्याला डिवचलं. तो म्हणाला, "आबा, घ्या ना थोडं." आबा म्हणाले, "तुम्ही जेवा. मी बसतो की संगं." आणि ते बसले. सूप आलं आणि गेलं. भात आला आणि गेला. वाढणारा दर वेळी त्यांच्यापुढं बशी ठेवायचा आणि तशीच भरलेली उचलायचा. आबा टेबलावर दोन्ही हात ठेवून, कुणाच्या तरी दहाव्याला बसल्यासारखे शांत होते. जेवण मसालेदार, चांगलं होतं म्हणे. मला चव लागली नाही.

सकाळी आम्ही वरच्या मजल्यावर गेलो. आबांनी दारात उभं राहून सगळं नीट पाहिलं. कुणी कुणाचं नाव विचारत नव्हतं. जो येईल तो ताटली घेत होता. वाढणारा मोठ्या डावानं ज्याच्या त्याच्या ताटलीत घालत होता आणि वर मान करून बघतही नव्हता. "हे भंडाऱ्यावानी हाय," आबा म्हणाले. "हितं कोण मालक न्हाई." मग ते रांगेत उभे राहिले आणि पराठे, दही, उपमा, केळी असं पोटभर जेवले. दुपारी पण जेवले. मी समोर बसून चहा पीत होते आणि माझं डोकं तापत होतं. ह्या माणसाला अनोळखी माणसाच्या डावातलं चालतं. लेक बसली आहे त्या टेबलावरचं चालत नाही.

दुसऱ्या संध्याकाळी ते आधी वर जाऊन जेवून आले आणि मग आमच्याबरोबर खाली बसले. नवरा म्हणाला होता, आबा, तुम्ही वरच थांबा, नाचगाणी बघा. ते म्हणाले, "पंगतीला लेकीला एकटं कसं सोडू?" नवरा म्हणाला, मी आहे ना. तरी ते आलेच.

भाईजानना एव्हाना सगळा प्रकार कळला होता. सूप पिता पिता त्यांनी वकिली सुरू केली.

"पाटील, एक सांगा. हे खाणं जावयाचं हाय का कंपनीचं?"

"कंपनीचं."

"मंग? कंपनी काय तुमची सोयरीक हाय?"

"कंपनीनं कोणाला देलं? जावयाला देलं. जावयानं माल इकला म्हणून देलं. म्हंजी जावयाचंच झालं की."

"वरचं खाणं बी कंपनीचंच हाय. ते बराबर खाऊन राह्यले तुम्ही."

"तिथं नाव न्हाई. हितं नाव हाय. रोज तीच जागा, तीच खुर्ची, वाढनारा तोच. घर आनखी कशाला म्हनतेत?"

भाईजाननी चमचा खाली ठेवला. "बिलकुल बराबर," म्हणाले. "वकील फेल." सगळे हसले. मीही हसले, कारण न हसून काय करणार. आबांच्या बोलण्यात खोट नव्हती हेच वाईट होतं. ते जमिनीच्या वादातसुद्धा असेच बोलतात, आणि जिंकतात.

वाढणाऱ्याला मात्र काळजी लागली होती. त्यानं वाकून आबांना विचारलं, काही वेगळं करून आणू का, जैन, बिनमसाल्याचं, नुसता दहीभात? आबांनी हात जोडले. "खाना बहुत अच्छा है. देख के ही समझता है." तो गोंधळून माझ्याकडं बघायला लागला. मी त्याला काय सांगणार? साहेब, माझ्या पोटी मूल नाही म्हणून माझे वडील तुमचं सूप पीत नाहीत? मी म्हणाले, राहू द्या.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, जेवणाच्या आधी, आबा आणि मी बाहेर कठड्याशी उभे होतो. नवरा खोलीत कोट घालून बघत होता. त्या रात्री ठेवणीतले कपडे घालायचे होते. आबांनी पांढरं धोतर, पांढरा शर्ट आणि धुवट टोपी घातली होती आणि वर जेवायला जायच्या तयारीत होते. ऊन उतरलं होतं. ते समुद्राकडं बघत म्हणाले, "येवढं पानी, अन् एका एकराला देता येत न्हाई."

मला त्या वेळी विनोद नको होता. मी म्हणाले, "आबा, तुम्ही वर कोणाच्याबी हातचं खाता. माझ्या शेजारी मात्र उपाशी बसता. मी काय वंगाळ केलं तुमचं?"

ते खरोखर चक्रावले. "तुझं कुटं काय?"

"मंग किती दिवस पाळायचं हे? आई तशीच गेली. तुम्हाला बी तसंच जायचंय का?"

आबांनी टोपी काढून हातात घेतली. समुद्राचा वारा होता, उडाली असती.

"तुझी आई बी हेच म्हनायची," ते म्हणाले. "म्हनायची, आता जेवू, पोरीला वाईट वाटून राह्यलं. मी तिला म्हनलो, आपुन जेवलो म्हंजी काय झालं? आपुन कबूल केलं, की हितं आता काय व्हनार न्हाई. लोकायला काय, लोक म्हनतेतच. बापानं कसं म्हनावं? मला तुझ्या घरी बारशाला जेवायचंय. तवर मी जागा धरून बसलोय. एसटीत रुमाल टाकून धरतेत तशी."

मी कठडा धरून उभी राहिले. इतकी वर्षं मला वाटत होतं, हा माणूस माझ्या घराला कमी लेखतो. त्या बाकावर बसून खाल्लेल्या एकेका धपाट्याचा मी मनात हिशोब ठेवला होता. आणि ते माझ्यासाठी नवस केल्यासारखे बसले होते. दवाखान्यातल्या बाया, सासूबाई, शेजारीण, एवढंच काय मी आणि नवरासुद्धा, सगळ्यांनी आशा सोडली होती. एकटे आबा तेवढे धरून होते. मला रडू आलं नाही. मी त्यांच्यावर ज्या रागानं बोलायला आले होते तो राग आता कुठं ठेवावा ते मला कळेना.

मी गप्प बसले असते तरी चाललं असतं. ते वर जाऊन जेवले असते, खाली येऊन बसले असते आणि आम्ही परतूरला आलो असतो. बाक होताच. पण आता माहीत झाल्यावर मला ते बघवणार नव्हतं. सत्तरीच्या पुढचा माणूस रुमाल टाकून बसला आहे, आणि त्या जागेवर कुणी येणार नाही हे मला माहीत आहे.

"आबा," मी म्हणाले, "आम्ही दवाखाना बंद केला. डॉक्टरीणबाई न्हाई म्हणाल्या. आता व्हायचं न्हाई."

ते माझ्याकडं वळले नाहीत. "कधी?"

"दिवाळीत."

"जावईबापू काय म्हनले?"

"तेच म्हणाले, बास."

"तुला काय टोचून बोलतेत का कोनी?"

"ते न्हाई बोलत."

"मंग ठीक हाय," आबा म्हणाले. टोपी त्यांनी झटकली, तिच्यावर धूळ नव्हती तरी, आणि डोक्यावर घातली. मग म्हणाले, "मला आधीच सांगायचं ना, माय." आमच्याकडं लेकीला लाडानं माय म्हणतात. मी लहान असताना ते मला असंच म्हणायचे. लग्नानंतर बंद झालं होतं.

नवरा कोट घालून आला. कोट त्याला खांद्यात आखूड होता. आबा त्याच्याकडं बघून म्हणाले, "चला. जेवायची येळ झाली." जिन्यापाशी आल्यावर मला वाटलं ते वर वळतील. ते आमच्याबरोबर खाली उतरले.

दालनात त्या रात्री दिवे मंद केलेले होते. बायकांनी जरीच्या साड्या नेसल्या होत्या, कुणाच्या गळ्यात टाय होते, एक फोटोवाला टेबलाटेबलावर फिरत होता. भाईजान शेरवानीत होते. आबा आपल्या खुर्चीवर बसले. वाढणाऱ्यानं रुमाल पसरला, तेव्हा या खेपेला ते उठले नाहीत. त्यानं सवयीनं आम्हा चौघांना काय हवं ते विचारलं आणि निघायला लागला. आबा म्हणाले, "मेरे कू भी लाओ. जो होगा वो."

भाईजानच्या तोंडात पावाचा तुकडा होता. त्यांनी तो तसाच धरून आबांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. ते हुशार माणूस आहेत. वकिली न काढता त्यांनी मिठाचं भांडं आबांकडं सरकवलं. भाभींनी टेबलाखालून माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. नवरा मात्र खूश झाला. कठड्याशी काय बोलणं झालं ते त्याला माहीत नव्हतं. "आबा, आता कसं," म्हणाला आणि स्वतः उठून त्यांच्या पेल्यात पाणी ओतलं.

आबांनी सूप चमच्यानं, आवाज न करता प्यायलं. पनीरची भाजी आली, डाळ आली, भात आला. त्यांनी काटा-चमचा बाजूला सारला, तळहातावर पाणी घेऊन ताटाभोवती फिरवलं आणि भाताची दोन-चार शितं काढून पांढऱ्याशुभ्र टेबलावर ठेवली. मग हातानं डाळ-भात कालवला. कुठल्याही घरी, कुठल्याही पंगतीत ते जेवतात तसेच ते जेवत होते. मान खाली, मन लावून. मी ते बघत होते, कारण तेच तर बघायला मी आले होते.

मला आनंद व्हायला हवा होता. दहा-अकरा वर्षं मला हेच हवं होतं, आणि आईच्या वेळी ते राहून गेलं होतं. पण प्रत्येक घासाबरोबर मला वाटत होतं, आबांनी आता हात थांबवावा. नको म्हणावं, रुमालाची घडी करावी आणि पुन्हा उपाशी बसावं. कुणीतरी जागा धरून बसलेलं असतं, तोवर ती जागा असते. हे मला माझ्या चाळिशीत, एका जहाजावर, दुसऱ्याच्या सुपाचा वास येत असताना कळलं, आणि कळून काही उपयोग नव्हता.

तेवढ्यात गाणं लागलं आणि सगळे वाढपी रांगेनं, हातात केकची ताटं घेऊन, दालनातून फिरायला लागले. शेवटच्या रात्रीची ती पद्धत आहे. लोक आपापले पांढरे रुमाल डोक्यावर गरगर फिरवत होते. नवऱ्यानंही फिरवला. आमचा वाढणारा रांग सोडून मधेच आमच्या टेबलापाशी आला. आबांचं रिकामं ताट बघून त्याचा चेहरा उजळला होता. हातात भाताचं भांडं होतं. "और दूँ, बाबा?"

तिथं एकदाच विचारतात. आबांनी पहिल्याच खेपेला ताट पुढं केलं. "दो," म्हणाले.

तोही भात त्यांनी संपवला. ताटात शीत ठेवलं नाही. मग पेल्यातलं पाणी प्यायले, रुमालानं तोंड पुसलं आणि वाढणाऱ्याकडं नाही, नवऱ्याकडंही नाही, माझ्याकडं बघून, परक्याच्या पंगतीतून उठताना म्हणतात तसं म्हणाले, "अन्नदाता सुखी भव."

माझी बशी तशीच भरलेली होती. ती त्यांनी बोटानं माझ्याकडं सरकवली.

"जेव, माय," ते म्हणाले. "गार व्हतंय."